बाहुलीवालीचं सोंग

चित्र तळहाताएवढंच होतं, फोनच्या काचेवरचं, पण ते पाहताच सिरिलाच्या हातातला आल्याचा चहा बशीत सांडला. नात केझाया तिच्या खुर्चीच्या हातावर बसून एकेक पोशाख दाखवत होती.

"ग्रॅनी, हे बघ ना, किती गोड! कार्निव्हलच्या सोमवारी जुन्या सोंगांचं पथक निघतं, त्यातली ही बेबी डॉल. झालरींचा झगा, डोक्याला टोपडं, काखेत बाहुली. दिसेल त्या बाप्याला रस्त्यात अडवायचं आणि गळा काढायचा, हे पोर तुझं आहे रे मेल्या, दुधाचे पैसे टाक! आपण तिघी हेच करू या."

"ते नको," सिरिला म्हणाली.

"का? तुला तर माहीत असेल हे सोंग."

"माहीत आहे म्हणूनच नको."

सोफ्यावर सिरिलाची मुलगी जोसलिन पाय वर घेऊन बसली होती. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि हसली. "मम्मीला लाज वाटते गं. एक्काहत्तराव्या वर्षी पोर काखेत मारून नवरा शोधायचा म्हणजे!"

"नवरा नाही, मॉम. बाप शोधायचा," केझाया म्हणाली.

सिरिला फडक्यानं बशी पुसत राहिली. बशी कोरडी झाली तरी पुसत राहिली. लॅडब्रोक ग्रोव्हमधल्या तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात नोव्हेंबरचा उजेड दुपारी तीनलाच विझत आला होता. खिडकीच्या कट्ट्यावर नाताळच्या केकसाठी बरणीत रममध्ये मुरत घातलेले बेदाणे फुगून काळे झाले होते. तिकिटं काढून झाली होती. फेब्रुवारीत पोर्ट ऑफ स्पेन, तीन आठवडे, तिघी. देश सोडल्यापासूनच्या पन्नास वर्षांत सिरिला तिकडे दोनदाच गेली होती, एकदा आईच्या मातीला आणि एकदा मावशीच्या, टँटी हेझलीनच्या. दोन्ही वेळा पावसाळ्यात. कार्निव्हलच्या दिवसांत ती कधीच गेली नव्हती, आणि कुणी विचारलं की इस्पितळात त्याच महिन्यात रजा मिळत नाही म्हणायची. इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठीत तिनं चौतीस वर्षं चादरी आणि रोग्यांचे झगे सांधले होते. आता ती निवृत्त होती. रजेची सबब उरली नव्हती.

केझायानं मग मंगळवारचे पोशाख काढले. मणी, पिसं, आणि मध्ये मध्ये चमचमती बोटभर चिंधी. पुढच्या रांगेतलीला मोठी पिसं, मागच्या रांगेतलीला लहान. "मी पुढच्या रांगेत," ती म्हणाली. जोसलिननं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "यात कापड कुठे आहे?" "हे काय." "हे होय? मला वाटलं किमतीची चिठ्ठी." दोघी हसल्या. सिरिलाही हसली. हसताना तिला वाटत होतं की वेळ गेली, विषय गेला, आता कुणी टोपड्याचं नाव काढणार नाही. तेवढ्यात जोसलिननं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक झगा काढला आणि उभं राहून अंगाला लावून दाखवला. साधा, पांढरा, लांब बाह्यांचा.

"आणि हा माराकासच्या किनाऱ्यासाठी. कार्निव्हल संपला की दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी सकाळी जायचं. मी पांढरी फुलं सांगून ठेवणार आहे. पप्पांना सोडायची." तिचा आवाज जरा ओला झाला. "एक्कावन्न वर्षांची झाले, मम्मी, एकदाही त्यांच्यासाठी पाण्यात फूल टाकलं नाही मी. लांबीला जास्त आहे. तू दुमड घालून देशील ना?"

"देईन," सिरिला म्हणाली.

त्या गेल्यावर तिनं दिवा लावला नाही. झगा खुर्चीच्या पाठीवर होता आणि अंधार वाढेल तसा तो एकटाच खोलीत उजळ होत गेला. पप्पांना. जोसलिनचे पप्पा मालवाहू बोटीवर होते आणि व्हेनेझुएलाच्या बाजूला वादळात बुडाले. ते फार छान शीळ घालत. ते कधी कुणावर आवाज चढवत नसत. बोटीवरून परत आले की सिरिलासाठी पेरूची वडी आणत. हे सगळं सिरिलानं सांगितलं होतं. पोर सहा वर्षांची असताना शाळेतून रडत आली, कुणीतरी विचारलं होतं तुझा बाप कुठे आहे म्हणून, तेव्हा सिरिला मशीनवर बसली होती आणि मान वर न करता तिनं पहिला टाका घातला. बुडाला. मग पोर रोज विचारू लागली आणि सिरिला रोज थोडं शिवू लागली. आज शीळ, उद्या टोपी, परवा पेरूची वडी. जगात पुरुषात जे काही चांगलं असतं म्हणून ऐकलं होतं ते सगळं तिनं त्याच्यावर चढवलं. अस्तर लावलं, काजं केली, बटणं लावली. असा बेतला की कुठे सुरकुती नाही. आणि मग पंधरा वर्षांची जोसलिन दार आपटून म्हणाली, "पप्पा असते तर माझ्याशी असं बोलले नसते!" त्या दिवशी सिरिलाला पहिल्यांदा कळलं की आपण काय शिवून बसलो आहोत. त्यानंतर जन्मभर ती त्या माणसाशी हरत आली. दोन पाळ्या करून फी भरली ती सिरिलानं, आणि जोसलिनच्या पाकिटात चित्र होतं ते बोटीचं. कुठल्याशा मासिकातून कापलेलं. लग्न मोडलं तेव्हाही ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, मला पप्पांसारखा कुणी भेटलाच नाही. सिरिला तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.  

बाप बुडाला नव्हता. बाप पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँटमध्ये, चढणीवरच्या पांढऱ्या कठड्याच्या घरात, व्हरांड्यात झुलत्या खुर्चीवर बसून होता. नाव अॅन्सेल्म क्वामिना. सिरिलाची चुलत बहीण विनिफ्रेड दर पंधरा दिवसांनी फोन करायची आणि पावसाचं, गुडघ्यांचं, कोण मेलं त्याचं सांगून झालं की शेवटी मीठ टाकल्यासारखं त्याचंही सांगायची. ब्याऐंशी झाला. सहा नातवंडं. एका डोळ्यात मोतीबिंदू. "पण खोड गेलेली नाही हं," मागच्या वेळी विनिफ्रेड म्हणाली होती, "कार्निव्हलला व्हरांड्यात वाटीभर सुटी नाणी घेऊन बसतो, आणि सोंगं दारावरून गेली की अंगठ्यावरून एकेक नाणं उडवतो. पोरं काय धावतात!" सिरिलानं फोन ठेवला होता आणि हात धुऊन आली होती.

अडुसष्ट सालचा फेब्रुवारी. ती एकोणीस वर्षांची, टोकोच्या कोळीवाड्यातून शिवण शिकायला शहरात आलेली, टँटी हेझलीनकडे राहणारी. अॅन्सेल्म कस्टमच्या कचेरीत कारकून, रविवारी चर्चमध्ये गाणारा. पाचवा महिना लागला होता. तिनं त्याला सांगितलं तेव्हा "विचार करतो" म्हणाला आणि त्या दिवसापासून चर्चमधून दुसऱ्या दारानं जायला लागला. कचेरीत जावं तर शिपाई हाकलायचा. घरी जावं तर त्याची आई कठड्याशीच विचारायची, "काय शिवायला आणलंस?" त्या शहरात तिच्यासारख्या मुलीला त्याच्यासारख्या माणसाला चारचौघांत थांबवायची सोय वर्षातून दोनच दिवस होती. सोंगात असलं की कुणीही कुणाला अडवावं. झाडूवाल्यानं न्यायाधीशाला अडवावं. टँटी तरुणपणी बाहुलीवाली व्हायची. तोवर ती चाल मोडत आली होती, पण ट्रंकेत झगा होता, टोपडं होतं, जाळीचा गुलाबी मुखवटा होता. सिरिलानं कमरेत झगा उसवून सैल केला. पोटावर काही बांधावं लागलं नाही. टँटी दारात ओठ चावत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पोरी, सोंगात बोललेलं तिथेच राहतं गं." सिरिलाला ते उलटं कळलं. तिला वाटलं, टँटी धीर देते आहे.

फ्रेडरिक रस्त्यावर ढोल आणि लोखंडी पिंपांचा गजर इतका होता की छातीची हाडं वाजत होती. तो दुकानाच्या सावलीत चार मित्रांबरोबर उभा होता, पांढरा शर्ट, हातात नारळ. ती थेट त्याच्यापुढे गेली आणि ओरडली. पहिली दोन वाक्यं टँटीनं शिकवलेली होती, सगळ्या बाहुलीवाल्या म्हणतात ती. नंतर तिची स्वतःची सुरू झाली. नाव घेतलं. महिना सांगितला, जागा सांगितली, चर्चच्या मागची, चिंचेखालची. लोक भोवती जमले. तिनं मुखवटा वर केला, कारण त्याला तिचं तोंड दिसायला हवं होतं. त्यानं पाहिलं. त्याचं हसू गेलं. ते गेलेलं सिरिलानं स्पष्ट पाहिलं, एका श्वासापुरतं, आणि त्या एका श्वासात तिला वाटलं की आपण जिंकलो. मग मागून कुणीतरी हसलं, कुणी टाळी दिली, "काय बेमालूम करते रे पोरगी!" आणि ते हसू परत आलं. आधीपेक्षा मोठं होऊन आलं. त्यानं खिशातून पंचवीस सेंटचं नाणं काढलं, अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि उडवलं. ते उन्हात फिरत आलं आणि तिच्या बाहुलीच्या झग्यात पडलं. "जा, दूध पाज पोराला!" लोकांनी त्याची पाठ थोपटली. दिलदार माणूस म्हणाले. ढोल पुढे गेला, लोकांनी तिलाही पुढे ढकललं, आणि ती बाहुली धरून नाचत गेल्यासारखी गेली.

बुधवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली. साध्या कपड्यांत. त्याची आई नुकतीच चर्चमधून आलेली, कपाळावर राखेचा क्रूस. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेजारीण कठड्यापलीकडून बघत होती, तिच्याकडे वळून म्हातारी गोड आवाजात म्हणाली, "कालची ती बाहुलीवाली ही. पोरीनं सोंग फार मनावर घेतलंय." आणि सिरिलाला म्हणाली, "कार्निव्हल संपला, बाळ. आज राखेचा बुधवार. घरी जा." संपलं. त्यानंतर ती कुणालाही काही सांगायला गेली की ऐकणारा आधीच हसायला लागायचा. अरे हो, फ्रेडरिक रस्त्यावर तूच ना! खरं एकदाच सांगायचं होतं आणि ते तिनं सोंगात सांगून खर्चून टाकलं. नाणं तिनं चर्चच्या पेटीत टाकलं. जूनमध्ये पोर झाली. पुढच्या वर्षी पोरीला घेऊन ती बोटीत बसली.

आणि आता तीच पोर पांढरा झगा घालून, फुलं घेऊन माराकासला जाणार होती. किनाऱ्यापासून बेलमाँट मोटारीनं पाऊण तास. एक जिवंत म्हातारा वाटीतली उरलेली नाणी मोजत बसलेला असणार, आणि पाऊण तासाच्या अंतरावर त्याची मुलगी त्याच्या नावानं पाण्यात फुलं टाकणार, आणि सिरिलानं शेजारी उभं राहून डोळे पुसायचे. हे होऊ द्यायचं नाही, असं तिनं अंधारात ठरवलं. शनिवारी त्या मापं द्यायला येणार. शनिवारी सांगायचं. आठवडाभर ती वाक्यं जुळवत होती. बसमध्ये, भाजी घेताना, अंघोळीला. वाक्य साधं होतं, चार शब्दांचं, तुझा बाप जिवंत आहे. पण ते तोंडात आलं की मागून दुसरं यायचं. मग मला आजवर कुणासाठी रडायला लावलंस? आणि ती पुन्हा पहिल्या शब्दापासून जुळवायला लागायची.

शनिवारी केझाया दारातूनच ओरडत आली. "ग्रॅनी, मी ऐकणार नाही! नाव नोंदवून टाकलं, तिघींचं. पोशाख ज्याचा त्यानं शिवायचा असतो, म्हणजे तूच शिवणार." तिनं पिशवीतून जुन्या वस्तूंच्या दुकानातली रबरी बाहुली काढली. तिची एक पापणी अडकलेली, एकच डोळा मिटायची. एक टोपडंही आणलं होतं, लेसचं, पिवळट. जोसलिननं खारवलेल्या माशाचे वडे आणले होते. खाणं झालं. केझाया हात धुवायला गेली तेव्हा सिरिला म्हणाली, "जोसलिन, जरा बस. तुझ्या पप्पांबद्दल सांगायचंय."

जोसलिननं चटकन तिचे दोन्ही हात धरले. "मम्मी. मला माहीत आहे तुला किती जड जातंय ते. आपण सगळं तिकडे, समुद्रावर बोलू. आज नको ना."

"नाही, ऐक. ते..."

"नको म्हटलं ना." तिचे डोळे भरले होते आणि पकड घट्ट होती, गरजेपेक्षा घट्ट. "जे आहे ते मला पुरेसं आहे."

तेवढ्यात केझाया मागून आली आणि तिनं ते टोपडं आजीच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली नाडी बांधली आणि बाहुली तिच्या कुशीत कोंबली. "बघ! अगदी मापात!" समोरच्या कपाटाच्या आरशात लेसच्या चौकटीत एक सुरकुतलेलं तोंड होतं. सिरिला त्याच्याकडे बघत राहिली. नाडी गळ्याला काचत होती. अडुसष्ट सालीही अशीच काचत होती. आणि तिला कळायच्या आत ती खुर्चीतून उठली होती, कमरेवर हात गेला होता, आणि आवाज कुठून तरी खालून, पन्नास वर्षांच्या चादरींच्या ढिगाखालून वर आला.

"थांब! ए बाप्या, तोंड कुणीकडे फिरवतोस? पोर टाकून पळतोस होय रे? दूध कोण पाजणार, तुझी आई?"

"येस, ग्रॅनी!" केझाया किंचाळली आणि फोन समोर धरून टिपू लागली.

"अॅन्सेल्म क्वामिना! तुलाच म्हणते! कस्टमच्या कारकुना, चर्चमध्ये देवाची गाणी गातोस आणि चर्चच्या मागे चिंचेखाली काय करतोस? पाच महिने झाले रे! दुसऱ्या दारानं जातोस? जा, किती दारं आहेत बघू! व्हरांड्यात बसून नाणी उडवतोस, सहा नातवंडं मोजतोस, सातवी कुणी मोजायची?" बाहुली तिच्या हातून सुटली होती. तिचं बोट जोसलिनकडे गेलं होतं. "हे बघ तुझं पोर! कपाळ बघ, तुझंच आहे! एक्कावन्न वर्षं मी हिला दूध पाजलं, आता तू पैसे टाक!"

केझाया हसून हसून भिंतीला टेकली. "बापरे, नावगाव सगळं! ग्रॅनी, तू आधी केलंयस हे, खरं सांग!"

"खरंच सांगते," सिरिला म्हणाली. तिला धाप लागली होती. "जोसलिन, खरं सांगते आहे मी."

"सगळ्या बाहुलीवाल्या तेच म्हणतात!" केझाया म्हणाली.

सिरिला जोसलिनकडे बघत होती. जोसलिन हसत होती, आणि तिचं हसू गेलं. एका श्वासापुरतं. चेहरा उघडा पडला, वयाचा, आणि त्यात सिरिलाला ते सहा वर्षांचं पोर दिसलं, शाळेतून आलेलं. आता ती विचारेल, सिरिलाला वाटलं. विचार गं. एकदा विचार. खिडकीखालून बस गेली, काचा थरथरल्या. मग ते हसू परत आलं. आधीपेक्षा मोठं होऊन आलं. जोसलिननं पर्स उघडली, एक पौंडाचं नाणं काढलं, अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि उडवलं. तिला असं नाणं उडवायला कुणी शिकवलं नव्हतं. ते दिव्याच्या उजेडात फिरत आलं, सिरिलाच्या छातीला लागलं आणि खाली बाहुलीशेजारी पडलं.

"घे, दूध पाज पोराला," जोसलिन म्हणाली. "झकास करतेस, मम्मी. रस्त्यावर अस्संच कर." तिचा हात पर्स मिटताना दोनदा चुकला. मग तिनं खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा झगा उचलला आणि आईच्या हातात दिला. "हा तेवढा आजच करून दे. लाटेत भिजायला नको."

सिरिलानं टोपड्याची नाडी सोडायला बघितली. गाठ ओढली गेली होती, सुटेना. ती तशीच मशीनवर बसली, झगा उलटा केला, कडेला टाचण्या लावल्या.

"किती घेऊ?" तिनं विचारलं.

"दोन बोटं," जोसलिन म्हणाली. सिरिलानं दोन बोटं मोजली आणि दुमड घालायला घेतली.